तन्य धातूंमधील तड्याची वाढ

तन्य धातूंमधील तड्याची वाढ ही भंग यामिकी आणि धातुविज्ञान या दोन्ही शाखांमध्ये अभ्यासली जाणारी प्रक्रिया आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे यांसारखे तन्य धातू तुटण्यापूर्वी मोठ्या प्रमाणावर प्लॅस्टिक (आकार्य) विरूपण सोसतात. अशा धातूत तडा काचेतल्याप्रमाणे अणूंचे बंध एका पातळीत उसवत पुढे सरकत नाही. त्याच्या टोकापुढील भागात सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात, विरूपणाबरोबर फुगतात आणि शेवटी एकमेकींना व तड्याच्या टोकाला जाऊन मिळतात. ही मालिका पूर्ण झाली की तडा एक पाऊल पुढे गेलेला असतो. दाबपात्रे, अणुभट्ट्यांची नळयोजना, वायुवाहिन्या, विमानांचे पत्रे आणि वाहनांचे सुटे भाग यांच्या सुरक्षिततेचे गणित या प्रक्रियेच्या आकलनावर अवलंबून असते. प्रत्यावर्ती भारामुळे होणारा श्रांती भंग ही वेगळी प्रक्रिया असून तिचा विचार येथे केलेला नाही.

भंगपृष्ठाचे स्वरूप

ठिसूळपणे तुटलेल्या पोलादाची कड दाणेदार व चमकदार दिसते, तर चिवट पोलादाची कड करडी, निस्तेज आणि तंतुमय दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या तंतुमय पृष्ठावर असंख्य खळ्या दिसतात. प्रत्येक खळी म्हणजे एका पोकळीचा अर्धा भाग असतो आणि उरलेला अर्धा भाग समोरच्या तुकड्यावर असतो. पुष्कळ खळ्यांच्या तळाशी एक बारीक कण बसलेला आढळतो. पोकळी जिथून सुरू झाली ती जागा तीच.

गोल दांडा ताणला असता आधी त्याला एका ठिकाणी गळा पडतो आणि मग गळ्याच्या मध्यभागी, बाहेरून न दिसणारा तडा सुरू होतो. तो काटछेदात पसरतो आणि पृष्ठभागाजवळ आल्यावर तिरका वळतो. त्यामुळे एका तुकड्यावर वाटीसारखा आणि दुसऱ्यावर शंकूसारखा आकार उरतो. तडा मध्यभागीच का सुरू होतो, याचे उत्तर त्रि-अक्षीयतेत आहे. गळा पडल्यावर दांड्याच्या अक्षाजवळ धातू तिन्ही दिशांनी ताणला जातो. या स्थितीचे विश्लेषण हार्वर्ड विद्यापीठातील पर्सी ब्रिजमन यांनी केले. उच्च दाबावरील भौतिकीसाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या याच संशोधकाने बाहेरून प्रचंड द्रवदाब दिल्यास धातू तुटण्यापूर्वी कितीतरी अधिक ताणला जातो, हेही प्रयोगांनी दाखवले. पोकळ्या फुगण्यास दाब विरोध करतो, हे त्यामागचे कारण.

पोकळ्यांचा उद्भव

व्यापारी धातू कधीच पूर्ण शुद्ध नसतात. पोलादात मँगॅनीज सल्फाइड व ऑक्साइड यांचे काही मायक्रोमीटर आकाराचे कण आणि त्यांहून बरेच लहान कार्बाइडचे कण असतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत लोह व सिलिकॉनयुक्त ठिसूळ कण असतात. सभोवतालचा धातू प्लॅस्टिक रीतीने वाहू लागतो, पण कण वाहत नाही. या विसंगतीमुळे कण आणि धातू यांच्या सीमेवर प्रतिबल साचते आणि एकतर सीमा सुटते किंवा कणच फुटतो. मँगॅनीज सल्फाइडची धातूशी पकड सैल असते. त्यामुळे तिथे अल्प विकृतीतच पोकळी तयार होते, आणि गणितात असे कण पहिल्यापासून पोकळ्याच आहेत असे मानले तरी फारसे बिघडत नाही. कार्बाइडचे कण मात्र मोठ्या विकृतीपर्यंत धरून राहतात.

पोकळ्यांचा अधातवी कणांशी असलेला संबंध केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी १९४९ मध्ये मांडला. दुसऱ्या महायुद्धातील लिबर्टी जहाजांच्या ठिसूळ भंगावरील कामासाठी त्या अधिक ओळखल्या जातात. तन्य भंगाविषयीचे त्यांचे निरीक्षण मात्र त्या मानाने झाकोळलेले राहिले आहे. १९५९ मध्ये के. ई. पुटिक यांनी तांब्याच्या दांड्यांचे गळे उभे कापून आतील ऑक्साइड कणांभोवतीच्या पोकळ्या आणि त्यांच्या जोडणीतून तयार होणारा मधला तडा दाखवला.

पोकळ्यांची वाढ

एकदा निर्माण झालेली पोकळी किती वेगाने फुगेल, हे दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे सभोवतालच्या धातूची प्लॅस्टिक विकृती आणि दुसरी म्हणजे प्रतिबलाची त्रि-अक्षीयता. तिन्ही दिशांच्या प्रतिबलांच्या सरासरीला माध्य प्रतिबल म्हणतात. त्याचे सममूल्य प्रतिबलाशी असलेले गुणोत्तर म्हणजे त्रि-अक्षीयता. साध्या एक-अक्षीय ताणात हे गुणोत्तर एक-तृतीयांश असते, शुद्ध कर्तनात शून्य असते.

फ्रँक मॅक्लिंटॉक यांनी १९६८ मध्ये दंडगोलाकार पोकळीसाठी, तर जेम्स राइस आणि डेनिस ट्रेसी यांनी १९६९ मध्ये गोल पोकळीसाठी वाढीचे गणित केले. राइस-ट्रेसी सूत्रानुसार पोकळीच्या त्रिज्येतील सापेक्ष वाढ ही प्लॅस्टिक विकृतीतील वाढीला ०.२८३ ने आणि एका घातांकी पदाने गुणून मिळते. घातांक असतो माध्य प्रतिबल भागिले यील्ड प्रतिबल, या भागाकाराची दीडपट. १९९१ मध्ये वाय. हुआंग यांनी उच्च त्रि-अक्षीयतेसाठी ०.२८३ ऐवजी ०.४२७ हा गुणांक योग्य असल्याचे दाखवले. गुणांक बदलला, तरी सूत्राचे घातांकी स्वरूप तसेच राहिले, आणि महत्त्व त्यालाच आहे.

ते महत्त्व आकड्यांत पाहता येते. एक-अक्षीय ताणात २० टक्के प्लॅस्टिक विकृती झाली, तर मूळ सूत्राप्रमाणे पोकळीची त्रिज्या जेमतेम १० टक्क्यांनी वाढते. दृढीकरण न होणाऱ्या आदर्श धातूतील तड्याच्या टोकापुढे, समतल विकृतीच्या स्थितीत, माध्य प्रतिबल यील्ड प्रतिबलाच्या सुमारे २.३९ पट असते. तिथे तेवढ्याच विकृतीत त्रिज्या जवळपास पावणेआठ पट होते. एकाच धातूचा गुळगुळीत दांडा भरपूर ताणला जातो आणि त्याच धातूचा तडा असलेला जाड तुकडा थोड्याशा विरूपणातच फाटतो, ही वरकरणी विसंगत वाटणारी गोष्ट यातून उलगडते. धातूची ‘तन्यता’ हा एक ठराविक आकडा आहे, असे अनेक पाठ्यपुस्तकांतील तक्त्यांवरून वाटते. प्रत्यक्षात तो त्या चाचणीच्या प्रतिबलस्थितीचा आकडा असतो. जे. डब्ल्यू. हॅन्कॉक आणि ए. सी. मॅकेंझी यांनी १९७६ मध्ये वेगवेगळ्या त्रिज्येच्या खाचा असलेले पोलादी दांडे ताणून हे प्रयोगाने दाखवले. खाच जितकी तीक्ष्ण तितकी त्रि-अक्षीयता जास्त आणि भंगापूर्वीची विकृती कमी.

विलीनीकरण

पोकळ्या शेवटपर्यंत स्वतंत्रपणे फुगत राहत नाहीत. एका टप्प्याला दोन पोकळ्यांमधील धातूची पट्टी इतकी अरुंद होते की सारे विरूपण तिच्यातच एकवटते आणि पट्टीला स्वतःचाच एक सूक्ष्म गळा पडतो. पी. एफ. थॉमसन यांनी या अवस्थेसाठी पट्टीच्या भारक्षमतेवर आधारलेला निकष मांडला. एल. एम. ब्राउन आणि जे. डी. एम्बरी यांनी १९७३ मध्ये त्याहून सोपी भूमितीय अट सुचवली. पोकळीची लांबी शेजारच्या पोकळीपासूनच्या अंतराएवढी झाली की तिरक्या कर्तनपट्ट्या दोघींना जोडू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते.

विलीनीकरणाचा दुसरा मार्ग कर्तनाचा आहे. मोठ्या पोकळ्यांमधील तिरक्या पट्ट्यांत विरूपण साचते, तिथले बारीक कार्बाइड कण सुटतात आणि सूक्ष्म पोकळ्यांचा एक पातळ पडदा तयार होऊन फाटतो. टी. बी. कॉक्स आणि जे. आर. लो यांनी १९७४ मध्ये दोन उच्चबल पोलादांची तुलना केली. ४३४० या पोलादात सल्फाइडपासून निघालेल्या पोकळ्या फार फुगण्याआधीच अशा पडद्यांनी जोडल्या गेल्या, तर १८ टक्के निकेलच्या मॅरेजिंग पोलादात त्या एकमेकींना भिडेपर्यंत वाढत राहिल्या. जवळपास सारख्या बळाच्या दोन पोलादांच्या चिवटपणातील फरकाचे मूळ मोठ्या प्रमाणात इथे होते.

तड्याच्या टोकापुढील क्षेत्र

भार वाढू लागला की तन्य धातूतील तीक्ष्ण तडा लगेच पुढे जात नाही, आधी त्याचे टोक बोथट होते. राइस आणि एम. ए. जॉन्सन यांनी १९७० मध्ये या बोथट टोकाचे विश्लेषण केले. टोकाचा पृष्ठभाग मोकळा असल्याने अगदी टोकाशी माध्य प्रतिबल कमी, पण विकृती फार मोठी असते. थोडे पुढे, टोकाच्या उघडीच्या साधारण दुप्पट अंतरावर, प्रतिबल शिखर गाठते, पण तिथे विकृती कमी असते. पोकळी वेगाने फुगण्यासाठी दोन्ही लागतात. त्यामुळे टोकाची उघड वाढत जाऊन तीव्र विकृतीचा प्रदेश पुढच्या मोठ्या कणापर्यंत पोहोचला की त्या कणाची पोकळी झपाट्याने वाढते आणि टोकाशी जोडली जाते.

यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. तडा सुरू होतेवेळची टोकाची उघड ही मोठ्या कणांमधील सरासरी अंतराशी निगडित असते. हे अंतर वाढवायचे म्हणजे पोलादातील गंधक कमी करायचे. आधुनिक पोलाद कारखान्यांत गंधक काढून टाकण्यावर आणि कॅल्शियम घालून सल्फाइडचे कण गोल ठेवण्यावर जो भर असतो त्याचे कारण हेच. असे न केल्यास लाटणकामात सल्फाइडचे कण लांबट पट्ट्यांसारखे होतात आणि पत्रा जाडीच्या दिशेने ओढला असता सहज फाटतो. जाड पत्र्यांच्या वेल्डिंगमध्ये दिसणारे पापुद्र्यांसारखे फाटणे हा त्याचाच परिणाम.

तडा कोणत्या रीतीने पुढे जातो, हे मुळातील पोकळ्यांच्या प्रमाणावरही ठरते. विग्गो ट्वरगार्ड आणि जॉन हचिन्सन यांनी २००२ मध्ये दोन पद्धती वेगळ्या करून दाखवल्या. पोकळ्या विरळ असतील तर तडा एकेका पोकळीला गाठत जातो, दाट असतील तर टोकापुढील अनेक पोकळ्या एकाच वेळी फुगतात आणि परस्परांवर परिणाम करतात. प्रत्यक्ष धातूत तड्याचा मार्ग पुष्कळदा नागमोडी असतो, कारण टोकापासून तिरक्या दिशांना विकृती अधिक असते.

वाढत्या तड्याचा रोध

स्थिर तड्याभोवतीच्या क्षेत्राची तीव्रता राइस यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या जे-समाकलाने मोजतात. तडा वाढू लागल्यावर चित्र बदलते. आदर्श प्लॅस्टिक धातूत स्थिर तड्याच्या टोकाशी विकृती अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढते, पण सरकत्या तड्यापुढे ती केवळ लॉगॅरिथमच्या गतीने वाढते. पुढे सरकणारा तडा सतत कमी विरूपण झालेल्या धातूत शिरत असतो आणि मागे प्लॅस्टिक विरूपण झालेला पट्टा सोडत जातो. परिणामी तेवढीच विकृती गाठण्यासाठी बाहेरून अधिक भार द्यावा लागतो. म्हणूनच तन्य धातूतील तडा पहिल्या हालचालीनंतर बराच काळ स्थिरपणे, भार वाढवला तरच, वाढतो.

भंगरोध आणि तड्याची वाढ यांच्या आलेखाला रोधवक्र म्हणतात. एएसटीएम ई१८२० या प्रमाणात तो काढण्याची पद्धत दिलेली असून, बोथटपणाच्या रेषेला ०.२ मिलिमीटर अंतरावर समांतर रेषा काढून आरंभीचे मूल्य ठरवले जाते. पॉल पॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या वक्राच्या चढाचे परिमाणरहित रूप, म्हणजे फाट-गुणांक, सुचवले. बाह्य भाराने लादलेला चढ धातूच्या चढापेक्षा जास्त झाला की स्थिर वाढ संपते आणि तडा सुटतो. रोधवक्र हा धातूचा निखळ गुणधर्म नाही. खोल तडा व वाकवणारा भार असलेल्या नमुन्यात त्रि-अक्षीयता जास्त असल्याने वक्र खाली राहतो, उथळ तडा किंवा सरळ ताण असलेल्या नमुन्यात तो वर जातो. प्रयोगशाळेतील आकडा प्रत्यक्ष यंत्रणेला लावताना बहुधा सुरक्षित बाजूला चूक होते, ती यामुळे.

गर्सन प्रतिमान

प्रत्येक पोकळी स्वतंत्रपणे मोजणे अशक्य असल्याने पोकळ्या पसरलेल्या धातूला एकसंध, पण सच्छिद्र माध्यम मानण्याची कल्पना पुढे आली. आर्थर गर्सन यांनी ब्राउन विद्यापीठात राइस यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या प्रबंधात ती विकसित केली आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. नेहमीच्या प्लॅस्टिकता सिद्धांतात माध्य प्रतिबलाचा यील्डवर परिणाम होत नाही. गर्सन यांच्या अटीत सच्छिद्रता आणि माध्य प्रतिबलाचे कोशाइन हायपरबोलिक फल यांचा गुणाकार येतो. सच्छिद्रता शून्य केली की अट फॉन मिझेसच्या जुन्या अटीत उतरते.

या अटीनुसार निव्वळ त्रि-अक्षीय ताणात सच्छिद्र धातू सोसू शकेल असे कमाल माध्य प्रतिबल म्हणजे सच्छिद्रतेच्या व्यस्ताच्या नैसर्गिक लॉगॅरिथमच्या दोन-तृतीयांशाला यील्ड प्रतिबलाने गुणलेली संख्या. सच्छिद्रता १ टक्का असेल तर ही मर्यादा यील्ड प्रतिबलाच्या सुमारे ३.०७ पट, आणि १० टक्के असेल तर सुमारे १.५४ पट येते. तड्यापुढील २.३९ पट ही पातळी जवळपास २.८ टक्के सच्छिद्रतेपलीकडे टिकूच शकत नाही. सच्छिद्रता वाढते तसतसा धातू मऊ पडतो, विकृती अरुंद पट्ट्यात साचते आणि तडा आपोआप गणितातून उगवतो. भंगासाठी वेगळा निकष बाहेरून लादावा लागत नाही, हे प्रतिमानाचे खरे आकर्षण.

मूळ प्रतिमान भंगाचा अंदाज फार उशिरा देते. ट्वरगार्ड यांनी १९८१-८२ मध्ये त्यात सुधारणा-गुणांक घातले, त्यांतील पहिल्याचे मूल्य १.५ सुचवले गेले. ट्वरगार्ड आणि ॲलन नीडलमन यांनी १९८४ मध्ये विलीनीकरणाचा वेगवान टप्पा जोडला. सच्छिद्रता १५ टक्क्यांवर पोहोचली की तिचा परिणाम वाढवून धरायचा आणि २५ टक्क्यांवर धातू तुटला असे मानायचे. या आकड्यांनी त्यांनी वाटी-शंकू भंग संगणकावर उभा केला. पुढे जे. कॉप्लिक आणि नीडलमन यांच्या १९८८ च्या गणनांत, सुरुवातीच्या पोकळ्या विरळ असल्यास विलीनीकरण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपासच सुरू होते असे दिसले.

प्रतिमानाची एक अडचण मूलभूत आहे. धातू मऊ पडत जात असल्याने सांत घटक पद्धतीच्या जाळीचा आकार जितका बारीक तितका विकृतीचा पट्टा अरुंद होतो आणि उत्तर बदलत राहते. एल. शिया आणि सी. एफ. शिह यांनी १९९५ मध्ये तड्याच्या मार्गावर ठराविक उंचीच्या घटकांचा एकच थर ठेवून त्यांची उंची कणांमधील अंतराशी जोडली, पोलादासाठी ती ५० ते २०० मायक्रोमीटरच्या पल्ल्यात येते. हा उपाय कामचलाऊ वाटला, तरी कणांमधील अंतर ही खरी भौतिक लांबी असल्याने तो अनेक अमूर्त सुधारणांपेक्षा अधिक टिकला.

मुळातच सच्छिद्र धातू

चूर्ण धातुविज्ञानाने घडवलेल्या सिंटरित भागांत आणि ओतीव वस्तूंत पोकळ्या आधीपासूनच असतात. त्यामुळे उद्भवाची पायरी वगळली जाते. अशा धातूंच्या यील्डसाठी आर. जे. ग्रीन यांनी १९७२ मध्ये आणि एस. शिमा व एम. ओयाने यांनी १९७६ मध्ये अटी मांडल्या. या अटींचा मूळ हेतू भंगापेक्षा चूर्ण दाबून घट्ट करण्याचे गणित हा होता. सिंटरित धातूत चूर्णकणांना जोडणाऱ्या बारीक माना सारे विरूपण सोसतात आणि त्याच आधी तुटतात. त्यामुळे एकूण वस्तू फारशी ताणली न जाता तुटते, तरी मानांच्या पृष्ठावर खळ्या दिसतात. बाहेरून ठिसूळ दिसणारा हा भंग सूक्ष्म पातळीवर तन्यच असतो. सच्छिद्रता मोठी असल्यास वर सांगितलेल्या मर्यादेमुळे तड्यापुढे उच्च प्रतिबल उभेच राहत नाही आणि घन धातूसाठी काढलेली टोकाची क्षेत्रे लागू पडत नाहीत.

त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या धातूंमुळे या विषयाला नवे महत्त्व आले आहे. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१२, २०१४ आणि २०१७ मध्ये भंगाच्या अंदाजाची खुली आव्हाने ठेवली. सहभागी गटांनी प्रयोगाचा निकाल कळण्यापूर्वी आपले अंदाज द्यायचे होते. तिसऱ्या आव्हानातील धातू मुद्रित ३१६एल स्टेनलेस पोलाद होता.

कर्तनप्रधान भंग

त्रि-अक्षीयता कमी असताना पोकळ्या फुगत नाहीत, त्या फिरतात आणि चपट्या होतात. मूळ गर्सन प्रतिमानानुसार शुद्ध कर्तनात सच्छिद्रता वाढतच नाही, म्हणजे धातू कधी तुटूच नये, आणि हे उघडपणे चूक आहे. के. नॅशॉन आणि हचिन्सन यांनी २००८ मध्ये त्यात कर्तनाचे पद घातले. वाय. बाओ आणि टी. विएर्झबिकी यांच्या २००४ मधील २०२४-टी३५१ ॲल्युमिनियमवरील प्रयोगांत भंगविकृती त्रि-अक्षीयतेबरोबर सरळ न घटता कर्तनाच्या आसपास एक नीचांक गाठते असे दिसले. नंतरच्या काही अधिक काटेकोर मापनांत, विशेषतः ६०६१-टी६ या मिश्रधातूत, असा नीचांक आढळला नाही. स्थानिक विकृती कोणत्या लांबीवर मोजायची, यावर या वादाचा मोठा भाग अवलंबून आहे.

अभियांत्रिकी उपयोग

अणुभट्टीच्या नळयोजनेत ‘फुटण्यापूर्वी गळती’ हे तत्त्व वापरले जाते. नळीच्या भिंतीतून आरपार गेलेल्या तड्यातून होणारी गळती ओळखता आली पाहिजे आणि त्या वेळी तडा अस्थिर होण्यापासून पुरेसा दूर असला पाहिजे. हे सिद्ध करण्यासाठी रोधवक्र लागतो. भारतातील दाबयुक्त जड पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या प्राथमिक उष्णतावहन नळ्या एसए ३३३ ग्रेड ६ या कार्बन पोलादाच्या असतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने चेन्नईच्या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्राच्या साहाय्याने तडे पाडलेल्या पूर्ण आकाराच्या नळ्या व कोपरे यांवर भंगचाचण्या केल्या आहेत.

वायुवाहिन्यांत प्रश्न उलटा असतो, तो म्हणजे धावू लागलेला तन्य तडा थांबेल का. नळी फाटताच वायूचा दाब उतरवणारी लहर नळीतून पळते. ती तड्यापेक्षा वेगवान असेल तर तड्याच्या टोकाशी दाब घटून तो थांबतो. तडा तिच्या बरोबरीने धावला तर फाट शेकडो मीटर जाऊ शकते. बॅटेल संस्थेत डब्ल्यू. ए. मॅक्सी यांनी १९७४ मध्ये मांडलेली दोन वक्रांची पद्धत या दोन वेगांची तुलना करते आणि धातूचा रोध चार्पी चाचणीच्या ऊर्जेवरून ठरवते. एक्स८० आणि त्यावरील उच्चबल पोलादांत मात्र ती चिवटपणाची गरज कमी दाखवते, असे पूर्ण आकाराच्या स्फोट-चाचण्यांत आढळले. चार्पीच्या छोट्या नमुन्यात मोजलेल्या ऊर्जेचा मोठा भाग तडा सुरू करण्यात आणि नमुना वाकवण्यात जातो, वाहिनीत धावणाऱ्या तड्याला तो अडवत नाही. अशा वाहिन्यांसाठी सुधारणा-गुणांक वापरले जातात, किंवा ठराविक अंतरावर तडारोधक कडी बसवली जातात.